घर, शेत, पीएफ, सोनं: आपल्या माघारी घरच्यांची फरफट होऊ नये म्हणून मृत्युपत्रापासून नॉमिनीपर्यंत काय काय करून ठेवायचं

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य होईपर्यंत कोणी कपाटाला हात लावत नाही. मग एकदम बँक, सोसायटी, तलाठी, पीएफ ऑफिस सगळं एकाच बाईच्या अंगावर येतं, आणि तिला बऱ्याचदा हेही माहीत नसतं की खाती किती आणि कुठल्या बँकेत. पैसा असतो, घर असतं, पण सही कोणाची चालणार हे ठरलेलं नसतं, त्यामुळे स्वतःच्याच घरासाठी तिला दहा जणांच्या संमतीपत्रांच्या मागे फिरावं लागतं. हे सगळं टाळता येतं आणि त्यासाठी खूप श्रीमंत असायची गरज नाही, एक फ्लॅट, थोडं शेत आणि पीएफ एवढं असलं तरी हे काम तुमचंच आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यासमोर ठेवू. पन्नाशीतला माणूस, पिंपरीत नोकरी, फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, बायको, दोन मुली, सातारा जिल्ह्यात गावी आई, वडिलोपार्जित शेत, एक भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण. अशी घरं आपल्याकडे हजारोंनी आहेत.

आधी यादी करा, वकील नंतर

एक साधी वही घ्या आणि नवरा-बायको दोघांनी मिळून बसा. बँक खाती, एफडी, पोस्टातली बचत, पीपीएफ, पीएफचा यूएएन नंबर, एलआयसी आणि टर्म पॉलिसी, कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स, म्युच्युअल फंड, डिमॅट, लॉकर, फ्लॅट, गावची जमीन, गाडी, पतसंस्थेतले शेअर्स, भिशी, कोणाला उसने दिलेले पैसे, आणि घेतलेली कर्जं. कर्जं लिहायला लोक लाजतात पण तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण नंतर कोणीही येऊन सांगतो की तुमच्या मिस्टरांनी माझ्याकडून दोन लाख घेतले होते. वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतंच कर्ज फेडावं लागतं, स्वतःच्या खिशातून नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. पण ते वारस आहेत म्हणून. गृहकर्जाला बायको सहकर्जदार असेल किंवा कोणी जामीन राहिलं असेल तर ती त्यांची स्वतःची जबाबदारी असते, म्हणून कर्जाचा विमा आहे का तेही बघून घ्या.

प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: कोणाच्या नावावर आहे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे आहे. फ्लॅटचे कागद म्हणजे करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि लोन असेल तर बँकेकडे काय जमा आहे त्याची यादी. या वहीत पासवर्ड आणि पिन लिहू नका.

यादी करतानाच लक्षात येतं की निम्म्या ठिकाणी नॉमिनीच नाही किंवा लग्नाआधीचं वडिलांचं नाव अजून तसंच आहे.

काहीच केलं नाही तर काय होतं

हे नीट समजून घ्या कारण बहुतेक लोक धरून चालतात की माझ्यामागे सगळं आपोआप बायकोचं. तसं होत नाही. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे, तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागतो (अनुसूचित जमातींना सरसकट लागत नाही), आणि त्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखा वाटा मिळतो. पहिल्या वर्गात बायको आहे, मुलगे-मुली आहेत, आणि आई आहे. वडील पहिल्या वर्गात नाहीत.

म्हणजे आपल्या उदाहरणातल्या पिंपरीच्या फ्लॅटचे चार वाटे झाले, बायको, दोन मुली आणि सासूबाई प्रत्येकी पाव. आता दोन वर्षांनी सासूबाई गेल्या आणि त्यांनीही काही लिहून ठेवलेलं नाही, तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या मुलांकडे जातो, म्हणजे दीर, नणंद आणि गेलेल्या मुलाच्या मुली अशा तीन फांद्यांत. झालं, दीर आणि नणंद प्रत्येकी बाराव्या हिश्शाचे मालक त्या फ्लॅटमध्ये आले. ते कितीही चांगले असोत, फ्लॅट विकायचा तर त्यांच्या सह्या लागणार, त्यातला कोणी परदेशात असेल किंवा तोही गेला असेल तर त्याच्या मुलांच्या सह्या लागणार. यात वाईट कोणीच नाहीये, फक्त कागद नाहीये.

बायकांच्या बाबतीत तर अजून विचित्र आहे. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत आधी नवरा आणि मुलांना. ते कोणीच नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यानंतर तिच्या स्वतःच्या आईवडिलांना. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, मूल नसेल तर, माहेरी परत जाते, पण तिने स्वतः नोकरी करून कमावलेलं सासरकडे जातं. मूल नसलेल्या, विधवा झालेल्या, एकट्या राहणाऱ्या कमावत्या बायकांनी म्हणूनच हे काम पुढे ढकलू नये. तिला आईसाठी काही ठेवायचं असेल तर लिहूनच ठेवावं लागेल, मनात असून उपयोग नाही.

मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने साधारणपणे कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च जाऊन उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, आणि त्याहून जास्त किंवा एखाद्या वारसालाच द्यायचं असेल तर बाकी वारसांची संमती लागते. गोव्याचं पूर्ण वेगळं आहे. तिथे लग्नानंतर सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यातली निम्मी मुळातच जोडीदाराची, आणि आपल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलाबाळांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. गोव्यातल्या लोकांनी पुण्या-मुंबईच्या नमुन्यावरून मृत्युपत्र करू नये, तिथल्या नोटरीपद्धतीनेच करावं.

नॉमिनी म्हणजे वारस नाही, पण नॉमिनी हवाच

याच्यावरून घरं फुटलेली आहेत. नॉमिनी हा साधारणपणे पैसे ताब्यात घेणारा माणूस, तो ते वारसांसाठी घेतो. सुप्रीम कोर्टाने विम्याबद्दल 1983 मध्ये हे सांगितलं होतं आणि डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सबद्दलही तेच सांगितलं. विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर मात्र फरक आहे, आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याचा पैसा त्यांचाच होतो. म्हणजे लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत फक्त वडिलांचं नाव राहिलं तर बायकोची खरंच अडचण होऊ शकते.

एकेक करून उरकून टाका:

बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, एकाच वेळी टक्केवारी ठरवून किंवा एकामागे एक, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र एकामागे एक असंच. नॉमिनी असेल आणि कागद पूर्ण असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार 15 दिवसांत क्लेम मिटवायचा असतो. फॉर्म भरला की पोचपावती घ्या आणि पासबुकावर नॉमिनीची नोंद आलीये का ते बघा.

पीएफला ऑनलाइन ई-नॉमिनेशन होतं. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झाल्यावर बाद होतं, नव्याने करावं लागतं, आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाला नॉमिनी करता येत नाही. नोकरीला लागताना आईचं नाव दिलं आणि वीस वर्षं बघितलंच नाही असे खूप जण आहेत, आज रात्रीच बघा.

म्युच्युअल फंड आणि डिमॅटला दहापर्यंत नॉमिनी चालतात.

सोसायटीचा फॉर्म वेगळा असतो, तीन प्रतींत भरून सेक्रेटरीकडे द्यायचा, कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंद झाल्यावर एक प्रत परत घ्यायची. ती प्रत शेअर सर्टिफिकेटला लावून ठेवा. सभासद गेल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालक कोण हे मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांच्या आपसातल्या करारावरून ठरतं. सेक्रेटरी म्हणाला की नॉमिनेशन आहे ना मग मृत्युपत्र कशाला, तर ऐकू नका.

सगळ्यात उत्तम म्हणजे नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा, भांडणाला जागाच राहत नाही.

आता मृत्युपत्र

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, स्टॅम्प ड्युटी नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलं पण चालतं. वय 18 पूर्ण, डोकं ठिकाणावर, कोणाचा दबाव नाही, सही आणि दोन साक्षीदार. दोन्ही साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. ही गोष्ट कोर्टात सगळ्यात आधी तपासली जाते. घरोघर फिरवून सह्या गोळा केलेलं मृत्युपत्र टिकत नाही.

साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, सापडणारे आणि विश्वासू निवडा, फॅमिली डॉक्टर असेल तर फारच छान. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. ख्रिश्चन-पारशी लोकांत तर त्यामुळे ते दिलेलंच रद्द होतं, हिंदूंत रद्द होत नसलं तरी संशय येतो.

लिहायचं काय? सुरुवातीला नाव, वय, पत्ता, आणि याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द करतोय हे वाक्य. मग कुटुंबात कोण कोण आहे. मग मालमत्ता, फ्लॅटचा नंबर, मजला, सोसायटीचं नाव, सिटी सर्व्हे नंबर, शेताचा गट नंबर आणि क्षेत्र, गाव तालुका जिल्हा. एफडीचे नंबर आणि रकमा लिहू नका, एफडी रिन्यू झाली की नंबर बदलतो आणि मग बँकवाले अडवतात, "माझ्या नावावरच्या सर्व बँकांतील सर्व खाती व ठेवी" एवढं पुरे. दागिने मात्र ओळखू येतील असे लिहा, कोणती पाटली कोणत्या मुलीला. बायकोचं स्त्रीधन तुमच्या मृत्युपत्रात लिहू नका, ते तुमचं नाहीच.

त्यानंतर दोन वाक्यं जी प्रत्येक मृत्युपत्रात असायला हवीत आणि लोक विसरतात. एक, जिला देतोय ती माझ्याआधी किंवा माझ्यासोबतच गेली तर कोणाला. अपघातात दोघं एकत्र जातात, हे बोलायला नको वाटतं पण लिहायला हवं. दुसरं, इथे लिहायचं राहिलेलं किंवा पुढे मिळणारं जे काही असेल ते कोणाला. हे दुसरं वाक्य नसेल तर नंतर घेतलेला प्लॉट परत त्या चार वाट्यांच्या हिशोबात जातो.

एखाद्या मुलाला कमी देत असाल किंवा काहीच देत नसाल तर कारण दोन ओळीत शांतपणे लिहा, "मोठ्या मुलाला दुकान आधीच दिलं आहे" असं. राग काढू नका, पण मौनही नको.

मग व्यवस्थापक नेमा, म्हणजे तुमच्यामागे हे सगळं अमलात आणणारा माणूस. बायको असू शकते, मुलगी असू शकते, फक्त तिला आधी विचारा आणि दुसरं पर्यायी नाव पण घाला.

भाषेबद्दल माझं ठाम मत आहे. आईला इंग्रजी वाचता येत नसेल तर तिचं मृत्युपत्र मराठीतच करा. वकिलाने संगणकावरचा इंग्रजी नमुना काढून अंगठा घेतला तर पुढे पहिला प्रश्न हाच येतो की तिला कळलं होतं का काय लिहिलंय. सत्तरीच्या पुढचं माणूस असेल किंवा आजारी असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की मनःस्थिती ठीक आहे, आणि शेवटच्या दिवसांत आयसीयूत सह्या घेण्याच्या भानगडीत पडू नका.

नोंदणी सक्तीची नाही. तरी मी म्हणेन करा. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदार, सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन जायचं, फोटो-अंगठे होतात, फी नाममात्र. नोंदणी केली म्हणून ते बदलता येत नाही असं अजिबात नाही, आणि नोंदणी केली म्हणून त्याला आव्हान देता येत नाही असंही नाही, पण हरवलं तर प्रत मिळते आणि खोटं म्हणणं अवघड जातं.

मुंबई शहरात वर्षानुवर्षं हिंदूंच्या मृत्युपत्राला कोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, घेणं सक्तीचं होतं, त्यात खूप वेळ आणि पैसा जायचा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ते कलम काढून टाकलं. वाद असेल तर प्रोबेट अजूनही घेता येतं आणि घ्यावंही, पण सरळ घरात आता ते मागायचं कारण नाही.

गावची जमीन

आधी ऑनलाइन सातबारा आणि आठ-अ (एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा आणि नीट वाचा. नाव कोणाचं आहे? बऱ्याच सातबाऱ्यांवर आजोबा अजून आहेत. बऱ्याच ठिकाणी मोठ्या काकांचं नाव आणि पुढे "ए.कु.मॅ." असं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काका एकटे मालक नव्हते, ते सगळ्यांच्या वतीने होते, पण पुढची पिढी ही तीन अक्षरं विसरते. जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, तहसीलमधून किंवा ऑनलाइन अभिलेखातून काढले की मूळ वारसांची नावं सापडतात.

मयताची वारस नोंद तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायची असते, उशीर झाला तरी होते, ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करता येतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात तलाठीच. 2025 मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी. मात्र हे लक्षात ठेवा की सातबाऱ्यावर नाव लागणं ही महसुलासाठीची नोंद आहे, नाव नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही.

वडिलोपार्जित एकत्र जमीन अख्खी मृत्युपत्राने देता येत नाही, फक्त आपला हिस्सा देता येतो. आणि हिस्सा काढताना मुली धराव्याच लागतात. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच मुलाइतकीच हिस्सेदार आहे, वडील त्या तारखेला हयात होते की नाही याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलंय. शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला शेतजमीन मृत्युपत्राने देता येईल असं धरून चालू नका. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटी असलेली जमीन) दिसलं तर ती जमीन विकायला, बक्षीस द्यायला परवानगी लागते.

आणि हक्कसोड पत्र, म्हणजे आपला हिस्सा बाकीच्या वारसांसाठी सोडल्याचा कागद. बहिणींना तेराव्याला सगळे जमलेच आहेत म्हणून दुय्यम निबंधकाकडे नेऊन सही घेतात. बहिणींनो, मनापासून सोडायचं असेल तर जरूर सोडा, पण त्या आठवड्यात सही करू नका, एकदा नोंदणी झालेलं हक्कसोड मागे घेणं फार अवघड असतं. भावांनीही घाई करू नये.

जिवंतपणी नावावर करून द्यायचं का

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्राने दिली तर स्टॅम्प ड्युटी 200 रुपये आहे, वर स्थानिक अधिभार वगैरे काय लागतं ते कार्यालयात आधी विचारा. स्वस्त आहे म्हणून लोक पटकन करतात. माझं म्हणणं, राहतं घर हयातीत देऊ नका. मृत्युपत्र शंभरदा बदलता येतं, बक्षीसपत्र नाही. द्यायचंच असेल तर मुलाने आमचा सांभाळ करायचा आणि आम्ही हयात असेपर्यंत इथेच राहणार ही अट त्याच कागदात लिहून घ्या, कारण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ केला नाही तर ते रद्द करून घेता येतं पण त्यासाठी ती अट सिद्ध व्हायला लागते. अट कागदावर असली की लढाई अर्धी सोपी.

आणि आपल्याकडे 1985 पासून वारसा कर नाही, तेव्हा कर वाचवायला आत्ताच नावावर करून टाका असं कोणी सांगत असेल तर दुर्लक्ष करा. विकताना भांडवली नफ्यावर कर लागतो, त्यासाठी मूळ खरेदीचे कागद सांभाळा.

लहान मुलं, विशेष मुलं, धंद्याची कर्जं

मुलं अज्ञान (18 वर्षांखालची) असतील तर दोघंही नसल्यावर पालक कोण हे दोघांच्याही मृत्युपत्रात लिहा, आणि पैसे सांभाळणारा वेगळा नेमला तरी चालतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. त्या मुलाच्या थेट नावावर मोठी रक्कम ठेवण्यापेक्षा खासगी ट्रस्ट करून त्यातून दरमहा खर्च होईल असं बघा, इथे मात्र चांगला वकील हवाच.

धंदा करणाऱ्यांनी टर्म पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली घ्यावी, फॉर्मवर एक टिक असते. मग तो पैसा बायको-मुलांचाच, ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांना त्याला हात लावता येत नाही. पॉलिसी एकदा काढून झाल्यावर हे करता येत नाही.

परदेशातली मुलं

तिकडची मालमत्ता असेल तर तिकडचं वेगळं मृत्युपत्र करणं सोयीचं पडतं. फक्त एक जपा, दोन्हींत "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं सरसकट वाक्य असलं तर नंतरचं आधीच्याला मारून टाकतं. "माझ्या भारतातील मालमत्तेपुरतं" असं स्पष्ट लिहून घ्या. आणि आईवडिलांनी दिलेलं मुखत्यारपत्र त्यांच्या मृत्यूबरोबर संपतं, त्यानंतर त्या मुखत्यारपत्रावर बँकेतून काही काढू नका.

मग बदलायचं कधी

लग्न, घटस्फोट, मूल होणं, मृत्युपत्रातलं कोणी जाणं, व्यवस्थापक किंवा साक्षीदार जाणं, घर विकणं-घेणं, लोन फिटणं, नोकरी बदलणं. यातलं काही झालं की वही काढा. काहीच झालं नाही तरी वर्षातून एकदा दिवाळीनंतर सगळे एकत्र असतात तेव्हा तासभर बघा. घटस्फोट झाला म्हणून जुनं नॉमिनेशन किंवा हिंदूचं मृत्युपत्र आपोआप बाद होतं असं समजू नका, स्वतः बदला. ख्रिश्चन-पारशी लोकांत लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, त्यांनी लग्नानंतर नवं करायलाच हवं.

छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येतं, त्यालाही तेच दोन साक्षीदारांचे नियम. जुन्या कागदावर खाडाखोड करून बाजूला सही अजिबात नको. पण दोन-तीन पुरवण्या झाल्या की गोंधळ होतो, त्यापेक्षा नवीन पूर्ण करा, तारीख ठळक घाला, जुनं नोंदणीकृत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक लिहून ते रद्द केल्याचं नव्यात सांगा, आणि नवंही नोंदवूनच घ्या. जुन्याच्या प्रती कोणाकोणाकडे दिल्यात त्या परत मागा.

मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायलाच कागद लागतात. व्यवस्थापकाकडे किंवा घरातल्या कपाटात, आणि कुठे आहे हे दोन जणांना माहीत असू द्या, मजकूर सांगायची गरज नाही. बायकोला हेही सांगा की मोबाईलचं सिम लगेच बंद करायचं नाही, ते कागदपत्रं जमेपर्यंत चालू ठेवायचं, कारण कुठल्या बँकेचा, विमा कंपनीचा मेसेज येतो त्यावरूनच यादीत राहून गेलेलं सापडतं. त्या फोनवरून ओटीपी घालून पैसे मात्र काढायचे नाहीत, रीतसर क्लेमच करायचा. मृत्यू दाखल्याच्या निदान दहा मूळ प्रती एकदमच काढून घ्यायच्या.